फोनला व्हीलॅन कोणी सांगितलं? व्हॉइस व्हीलॅनचे अनुभव

मंडळी,

टेबलावर आयपी फोन, फोनच्या मागे जोडलेला संगणक आणि भिंतीतून आलेली एकच वायर. त्या एका वायरीवर दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्यातली वेगळी ठेवलेली दोन आभासी नेटवर्कं, चालवायची: एक संगणकांच्या डेटासाठी, एक फोनच्या आवाजासाठी. स्विचच्या पोर्टवर दोन ओळी लिहायच्या: ॲक्सेस व्हीलॅन १०, व्हॉइस व्हीलॅन २०. संगणकाच्या फ्रेम (वायरवरून जाणारी डेटाची पाकिटं) टॅगशिवाय येतात आणि १० मध्ये पडतात. फोन आपल्या फ्रेमवर ८०२.१क्यू टॅग (व्हीलॅनचा नंबर सांगणारी खूण) लावून पाठवतो, त्या २० मध्ये जातात. काम एवढंच. तरीही या दोन ओळींनी माझ्या जितक्या रात्री खाल्ल्या तितक्या राउटिंगनेही खाल्ल्या नाहीत. तुमचंही तसंच झालं असणार, म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्यापासून करतो. ४८ पोर्टच्या स्विचवर जुने फोन काढून दुसऱ्या कंपनीचे बसवत होतो. पोर्टचं कॉन्फिगरेशन वर्षानुवर्षं चाललेलं, त्याला हातही लावला नाही. जुने फोन व्हॉइसमध्ये, नवे सगळे डेटा व्हीलॅनमध्ये. पोर्ट बदलले, वायरी बदलल्या, फोन फॅक्टरी रीसेट केले. दुपार गेली.

पोर्टवर ‘व्हॉइस व्हीलॅन २०’ लिहिलं म्हणून स्विच फोनच्या फ्रेमला टॅग लावत नाही. टॅग फोनच लावतो, आणि कोणता लावायचा हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सिस्कोच्या स्विचवर ते सांगणं सीडीपीतून (शेजारच्या उपकरणाला माहिती देण्याची सिस्कोची स्वतःची पद्धत) होत होतं आणि जुन्या फोनना सीडीपी कळत होतं. नव्या फोनना फक्त एलएलडीपी-मेड (त्याच कामाची, सगळ्या कंपन्यांसाठीची प्रमाणित पद्धत) कळत होतं, आणि त्या स्विचवर एलएलडीपी मुळातच बंद होतं. ‘एलएलडीपी रन’ ही एक ओळ दिली. एलएलडीपीची घोषणा नेहमीच्या सेटिंगला दर ३० सेकंदांनी जाते. मिनिटभरात फोन एकामागून एक व्हॉइस व्हीलॅनमध्ये गेले.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या फोनला व्हीलॅन कोणी सांगितलं? सीडीपीने, एलएलडीपीने, डीएचसीपीने (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेने), की कोणीतरी फोनच्या मेन्यूत हाताने भरलं?

तुमचे अनुभव लिहा. लक्षण काय होतं, संशय कुठे गेला आणि खरं कारण काय निघालं, हे तिन्ही आलं तर वाचणाऱ्याला उपयोग होईल. कंपन्यांची, कार्यालयांची नावं मात्र नकोत.

*

दोन इमारतींचं नेटवर्क सांभाळणारा

माझा अनुभव एका शब्दाचा आहे. तो शब्द ‘ॲड’.

दुसऱ्या इमारतीत फोन बसवायचे होते. पोर्ट झाले, फोनना व्हीलॅन कळलं, पण आयपी पत्ता मिळेना. कारण लगेच सापडलं. दोन इमारतींमधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) २० नंबरचं व्हीलॅन जातच नव्हतं. रिमोट लॉगिन होतंच, ट्रंकच्या पोर्टवर जाऊन लिहिलं: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन २०’. एंटर दाबला आणि स्क्रीन गोठली.

मधे ‘ॲड’ लिहिलं नाही तर यादीत भर पडत नाही, जुनी यादी पुसून नवी येते. त्या क्षणापासून ट्रंकवर फक्त २० उरलं. संगणक, वायफाय, कॅमेरे आणि मी ज्यातून लॉगिन केलं होतं ते मॅनेजमेंट व्हीलॅन, सगळं तुटलं. कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची वायर) घेऊन पळत पलीकडच्या इमारतीत गेलो. तिथली माणसं दारातच उभी होती.

आता ट्रंकला हात लावण्याआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवतो. कॉन्फिगरेशन सेव्ह करत नाही. गडबड झाली तर दहा मिनिटांनी स्विच स्वतःच रीबूट होऊन जुन्या स्थितीत येतो. सगळं नीट झालं की ‘रीलोड कॅन्सल’, मगच सेव्ह.

*

सिस्टीम ॲडमिन, अकरा वर्षं

धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे ‘डीएचसीपीने सांगितलं’, आणि त्यातूनच आमची पंचाईत झाली.

आमच्या फोनना ऑप्शन १३२ मधून (डीएचसीपीच्या उत्तरातल्या एका रकान्यातून) व्हीलॅन नंबर मिळायचा. क्रम असा: फोन सुरू होतो, टॅग न लावता पत्ता मागतो, त्याला डेटा व्हीलॅनमधला पत्ता मिळतो, सोबत ऑप्शन १३२ मध्ये ‘२०’ येतं. मग फोन टॅग लावून २० मध्ये पुन्हा पत्ता मागतो. प्रत्येक फोन दोन पत्ते घेतो. पहिला पत्ता परत करण्याची तसदी आमचे फोन घेत नव्हते. सर्व्हरवर लीज, म्हणजे पत्ता वापरण्याची मुदत, आठ दिवसांची, विंडोज सर्व्हरला मुळात असते तीच.

डेटा व्हीलॅन /२४ चं, म्हणजे २५४ पत्ते. त्यातले काही प्रिंटर आणि सर्व्हरसाठी राखलेले. फोन १४०, संगणक ११० च्या आसपास. फोन टप्प्याटप्प्याने बसवले होते, त्यामुळे पहिल्या पत्त्यांच्या लीज आपोआप संपत गेल्या आणि कोणाला काही जाणवलं नाही. मग एका शनिवारी रात्री वीज गेली. ती परत आल्यावर सगळे फोन एकदम सुरू झाले आणि १४० पत्ते आठ दिवसांसाठी अडकले. सोमवारी सकाळी संगणक सुरू झाले तेव्हा शेवटच्या वीस-पंचवीस जणांच्या वाट्याला १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते आले, म्हणजे सर्व्हरकडून पत्ता मिळालाच नाही.

फोन व्यवस्थित चालू होते, म्हणून फोनकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. अँटिव्हायरसवर संशय घेतला, एक स्विच रीबूट केला. लीजची यादी उघडून पाहिली तेव्हा अर्ध्याहून जास्त मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या हार्डवेअर क्रमांकांची) सुरुवात एकसारखी दिसली, मग उलगडा झाला. अडकलेल्या लीज हाताने पुसल्या आणि डेटा व्हीलॅन /२३ केलं, म्हणजे पत्ते दुप्पट. खरा उपाय पुढच्या आठवड्यात केला: एलएलडीपी-मेड चालू केलं. आता फोन पत्ता मागण्याआधीच व्हीलॅन जाणून घेतो आणि डेटाच्या वाट्याला जातच नाही.

*

छोट्या कार्यालयांची कामं घेणारा

छोट्या व्यवसायांसाठीच्या बऱ्याच स्विचवर व्हॉइस व्हीलॅन वेगळ्या रीतीने चालतं. तिथे स्विच मॅक पत्त्याचे पहिले तीन बाइट, म्हणजे ओयूआय, बघून ‘हा फोन आहे’ असं ठरवतो. तक्ता आधीच भरलेला असतो. माझ्या एका ग्राहकाकडे वीस फोन नीट चालले, नंतर त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे आणखी पाच आले ते डेटातच राहिले. खोक्यावरचे मॅक पत्ते ताडून पाहिले, नव्या फोनचा ओयूआय वेगळा होता. एका उत्पादकाकडे असे अनेक असतात. तक्त्यात एक ओळ वाढवली, काम झालं. आता नवी खोकी आली की ती उघडण्याआधी मॅक वाचतो.

*

नुकतीच कामाला लागलेली

लहानसा अनुभव. पोर्ट सिक्युरिटीत (एका पोर्टवर किती मॅक चालतील ही मर्यादा) कमाल मॅक १ ठेवलेले पोर्ट होते. व्हॉइस व्हीलॅन जोडलं, फोन लावला, त्याच्या मागे संगणक लावला, पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे स्विचने पोर्टच बंद केला. २ केलं तरी काही पोर्ट पडायचेच. आमचे फोन सुरू होताना क्षणभर टॅगशिवाय बोलायचे, त्यामुळे एकच मॅक डेटातही आणि व्हॉइसमध्येही मोजला जायचा. ३ ठेवल्यावर थांबलं. माझ्या वरिष्ठांनी हे मला सांगितलं नाही, लॉग वाचायला बसवलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

*

आवाजाच्या तक्रारी ऐकणारा

व्हीलॅन बरोबर असूनही आवाज तुटतो तेव्हाची गोष्ट.

रोज दुपारी ठराविक वेळी बॅकअप सुरू झाला की फोनवरचे शब्द गळायचे. आलेखात अपलिंक (स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी वायर) तीस टक्केसुद्धा भरलेली दिसत नव्हती. जी.७११ चा (आवाज डिजिटल करण्याची एक प्रचलित पद्धत) एक कॉल म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं, प्रत्येकात १६० बाइट आवाज. हेडर धरून वायरवर सुमारे ८७ केबीपीएस. गिगाबिटच्या अपलिंकला ते काहीच नाही. पण पाच मिनिटांची सरासरी काढणाऱ्या आलेखात अर्ध्या सेकंदाची गर्दी दिसत नाही, आणि त्या अर्ध्या सेकंदात बफर भरून २५ पाकिटं गेली की शब्द गेलाच.

मग पाकिटं पकडून पाहिली. फोनच्या पोर्टवर डीएससीपी ४६ (‘आवाजाला प्राधान्य द्या’ अशी पाकिटावरची खूण), जसं हवं तसं. अपलिंकवर तेच पाकीट शून्य! मधे एकच स्विच होता, जुन्या पिढीतला सिस्कोचा कॅटॅलिस्ट. आवाज सुधारावा म्हणूनच कोणीतरी त्यावर ‘एमएलएस क्यूओएस’ (प्राधान्य देण्याची सोय) चालू केलं होतं, पण कोणत्याही पोर्टवर ट्रस्ट (आलेली खूण मान्य करण्याची परवानगी) दिला नव्हता. त्या पिढीत याचा परिणाम असा, की आलेली खूण स्विच मानत नाही आणि शून्य करून पुढे पाठवतो. चालू केलं नसतं तर ४६ जसंच्या तसं पुढे गेलं असतं.

फोनच्या पोर्टवर आणि अपलिंकवर ट्रस्ट दिला, आवाजाची प्राधान्य-रांग चालू केली. दुसऱ्या दिवशी बॅकअपच्या वेळी मी मुद्दाम दोन मजल्यांवर फोन लावून बोलत बसलो. एकही शब्द गळला नाही. नवीन पिढीतल्या स्विचवर खूण मुळातच मानली जाते, म्हणून जुन्याचं कॉन्फिगरेशन नव्यावर किंवा नव्याचं जुन्यावर डोळे झाकून चिकटवू नका, ही कळकळीची विनंती.

*

मदतकक्षातली

आमच्याकडे टेबलं हलवली त्या दिवशी अख्ख्या मजल्याचं नेटवर्क बसलं. फोनला दोन भोकं असतात, एक स्विचकडे जाणारं आणि एक संगणकासाठी. कोणीतरी दोन्ही वायरी भिंतीतच लावल्या. फोनच्या आत छोटा स्विचच असतो, त्यामुळे लूप झाला, फ्रेम गोल गोल फिरत राहिल्या.

लूप पकडायला स्पॅनिंग ट्री असतं, मग पकडलं का नाही? ते बंद होतं. पोर्ट जोडल्यावर स्पॅनिंग ट्री जुन्या पद्धतीत ३० सेकंद वाट पाहतं, तोवर फोनची डीएचसीपीची मागणी वाया जायची, फोन उशिरा सुरू व्हायचे. तक्रारी थांबवण्यासाठी ते पूर्ण बंद केलं गेलं होतं. हवं होतं फक्त पोर्टफास्ट, म्हणजे त्या पोर्टपुरतं ही वाट पाहणं टाळणारं सेटिंग. आता प्रत्येक फोनच्या पोर्टवर पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड (पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला तर तो पोर्ट बंद करणारा) दोन्ही आहेत. परवा पुन्हा कोणीतरी तसंच जोडलं, तेव्हा ते पोर्ट बंद पडले आणि मजला चालू राहिला.

*

फायरवॉलचं काम बघणारा

घंटी वाजते, उचलला जातो, दोन्हीकडे शांतता. सगळ्यांनी व्हॉइस व्हीलॅनला दोष दिला, पण एक गोष्ट जुळत नव्हती: टेबलावरचे फोन एकमेकांशी छान बोलत होते. मुकं व्हायचं ते फक्त टेबलावरचा फोन आणि संगणकातला सॉफ्टफोन यांच्यात. घंटीचा निरोप सर्व्हरमार्गे जातो, आवाज मात्र दोन टोकांमध्ये थेट. एक टोक २० मध्ये, दुसरं १० मध्ये, आणि मधल्या ॲक्सेस लिस्टने (कोणाला पलीकडे जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यादीने) फक्त सर्व्हरची वाट मोकळी ठेवली होती. आरटीपीसाठी (आवाजाची पाकिटं वाहणाऱ्या पद्धतीसाठी) आमच्या फोनची यूडीपी १६३८४ ते ३२७६७ ही पट्टी दोन्ही दिशांना उघडली.

*

धागाकर्ता

टेबलाखालच्या स्विचबद्दल दोघांनी निरोपातून विचारलं, उत्तर इथेच देतो. भिंत आणि फोन यांच्या मधे साधा पाच पोर्टचा स्विच असेल तर तो टॅग सहसा जसेच्या तसे जाऊ देतो, म्हणून हाताने व्हीलॅन भरलेला फोन चालतो. पण एलएलडीपीच्या फ्रेम ज्या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात तो पत्ता नियमाने वागणारा कोणताही स्विच पुढे पाठवत नाही. त्यामुळे फोन नवीन लावला किंवा रीसेट केला की तो डेटात जाऊन बसतो. तिथे दुसरी वायर ओढणं सगळ्यात चांगलं. ते लगेच जमणार नसेल तर त्या जागेपुरता ऑप्शन १३२ ठेवा, आणि वरच्या अकरा वर्षंवाल्या मित्रांचा अनुभव वाचून आधी डेटा व्हीलॅनमधले मोकळे पत्ते मोजा.