तंबूत वीज घेताना: तुमचे अनुभव लिहा

रानफूल
काल माळा आवरताना केशरी वायरीची जुनी रीळ हाती आली आणि पवनेच्या काठची तंबूंची रांग डोळ्यांपुढे उभी राहिली. मागे लोहगड-विसापूर, गवतावर दव आणि त्या दवातून तंबूत शिरलेली वायर. थंडी पडली की निम्मं पुणं पवना, मुळशी, पानशेत गाठेल, म्हणून आत्ताच विचारते. तंबूत २३० व्होल्ट न्यायला काय लागतं, कुठे बिघडतं, ज्यांनी हाताने केलंय त्यांनी लिहा.

सुरुवात मी करते. आधी बेरीज. ६ अँपियरच्या सॉकेटमधून १३८० वॅट मिळतात, १६ वाल्यातून ३६८०. ९ वॅटचे दोन दिवे, ५० वॅटचा टेबलफॅन, तीन-चार चार्जर, सगळं मिळून दोनशेच्या आत. ओझं पडतं ते किटलीचं (१५००) आणि इंडक्शनचं (२०००). किटली एकटीच ६ अँपियरच्या पुढे जाते, त्यामुळे साध्या मल्टिप्लग बोर्डवर ती नकोच. बोर्ड आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, आणि पिन काढताना भोकापाशी मासळीसारखा वास येतो. तो वास आला की बोर्ड टाकून द्यायचा, घासूनपुसून परत वापरायचा नाही.

तारवाला
बेरीज हवीच. पण जीव जातो तो अर्थिंगपायी, म्हणून त्यावर जरा लांबण लावतो.

घरी पायाखाली कोरडी फरशी असते. तंबूत ओली माती, अनवाणी पाय, भिजलेलं कापड. ओल्या अंगाचा रोध हजार ओमच्या आसपास धरा. २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपियर जातील, आणि हृदयाची लय बिघडायला त्याहून बरेच कमी पुरतात.

तंबूला जागा आणि वीज देणारा यजमान सांगतो, जमिनीत सळई ठोकलीय, अर्थिंग आहे. कोरड्या मुरमातल्या सळईचा रोध ५० ओम असेल आणि फेज किटलीच्या पत्र्याला लागली, तर ४.६ अँपियर वाहतील. १६ची एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा खटका) त्याला हूं की चूं करत नाही आणि किटलीच्या अंगात करंट तसाच राहतो. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा खटका) तिथे डोळ्याचं पातं लवायच्या आत पडते. म्हणून ती स्वतःची हवी, सोबत नेलेली.

डबा असा करा: आयपी६५ (धूळ-पाणी आत न घेणारा) प्लास्टिकचा लहान डबा, आत १६ अँपियर ३० मिलिअँपियरची आरसीबीओ (म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र), दोन्ही बाजूंना ग्लँड (वायर गच्च धरणारं बूच), येणाऱ्या बाजूला १६चा तीन पिनी प्लग, जाणाऱ्या बाजूला तीन कोअरची रबरी वायर. डबा यजमानाच्या भिंतीपाशी लावायचा. तंबूत लावलात तर मधली सगळी वायर संरक्षणाबाहेर राहते. जोडल्यावर टेस्ट बटण दाबा. खटका पडला नाही तर त्या वायरीला पुढे हात लावू नका.

भाकरतुकडा
हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीच्या विजेच्या बाजारात मिळतं ना? की सुटं घेऊन कुणाकडून जोडून घ्यावं लागेल?

तारवाला
@भाकरतुकडा मिळतं, पण सुटंच. जोडायला वायरमन गाठा. आरसीबीओवर आयएसआय खूण आणि '३० एमए' किंवा '०.०३ ए' छापलेलं बघून घ्या. १०० आणि ३०० च्याही तिथे टांगलेल्या असतात. त्या आगीपासून वाचवण्यासाठी, माणसासाठी नाहीत.

सिंहगडरोडी
तपकीर गल्लीत जाणारच असाल तर गाडी घरी ठेवा आणि पासोड्या विठोबापर्यंत चालत या. सकाळी लवकर आलात तर दुकानदार नीट दाखवतो, संध्याकाळी उभं राहायला जागा नसते.

नदीकाठ
वायरीच्या जाडीबद्दल कुणी बोललं नाही. शेतातल्या घरापासून तंबू ऐंशी मीटरवर आणि मध्ये १ चौरस मिलिमीटरची वायर, हे सर्रास दिसतं. जाऊन-येऊन १६० मीटर तांबं, रोध ३ ओमच्या थोडा वर. किटली लावली की अठरा-वीस व्होल्ट वायरीतच जिरतात. गावात संध्याकाळी मुळात व्होल्टेज पडलेलं असतं, त्यात ही भर.

त्याहून वाईट म्हणजे टोकाला फेज-न्यूट्रल शॉर्ट झाले तरी करंट ७४ अँपियरच्या आसपासच राहतो. सी प्रकारची १६ची एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० लागतात. म्हणजे ती तापून पडेपर्यंत वायर भाजत राहते. २५-३० मीटरपर्यंत १.५ चौ.मिमी चालेल, त्यापुढे किंवा इंडक्शन असेल तर २.५. जोड एकही नको. पिळून वर काळी टेप गुंडाळलेली जोड दवात पाणी पिते.

रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतल्या वेढ्यांत कोंडते आणि इन्सुलेशन एकमेकांना चिकटतं.

पावसाळी
+१ नदीकाठ. रीळ उलगडायची राहून जाते आणि वास आल्यावरच कळतं.

पाण्याचं सांगते. थेंब वायरीवरून घरंगळत जातो, थांबत नाही. वायर वरून उतरत सरळ सॉकेटमध्ये गेली तर पाणीही तिच्यामागून आत जातं. म्हणून सॉकेटच्या आधी वायरीला खाली झोका द्या, झोक्याचा तळ सॉकेटपेक्षा वीतभर खाली. थेंब तळाशी जमतो आणि तिथून मातीत पडतो. बोर्ड जमिनीवर नको, दोन फूट उंच तिपाईला बांधा, सॉकेटची तोंडं बाजूला. वर प्लास्टिकची पिशवी गच्च बांधू नका, पहाटे आतूनच पाणी सुटतं.

आणि खुंट्या! अंधारात ठोकलेली लोखंडी खुंटी थेट वायरीत जाते. आधी तंबू पूर्ण उभा करा, मग वायर टाका, ताणदोरांपासून लांब.

चहाटळ
आमच्या मोत्याला वायर चघळायची हौस आहे. कुत्रं न्यायचं तर काय करावं?

पावसाळी
@चहाटळ लवचीक पीव्हीसी पाइपातून वायर घाला, पाऊण इंची पुरतो. तरी त्याला वायरीपासून लांबच बांधा. मोत्या किती वर्षांचा?

चहाटळ
दीड. दात शिवशिवतात त्याचे अजून.

रानफूल
लबाड वयच ते :)

अबोली
बाबांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं यंत्र) लागतं, त्यामुळे कुठे मुक्कामाला नेताच येत नाही. तंबूत चालेल का? मध्यरात्री वीज गेली तर?

तारवाला
@अबोलीताई नक्की न्या बाबांना. आर्द्रतेची टाकी आणि तापणारी नळी बंद ठेवली तर बहुतेक सीपॅपना ३० वॅटच्या आसपास पुरतात, आठ तासांचे २४० वॅट-तास. बाबांच्या यंत्राच्या हवेच्या दाबाला नेमके किती लागतात ते घरी वॅटमीटर लावून एक रात्र मोजा. टाकी बंद चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

यजमानाच्या विजेवर एकट्यावर विसंबू नका. १२ व्होल्ट ४२ अँपियर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मीच ऊर्जा काढायची म्हटलं तरी साधारण २५० मिळतात, म्हणजे एक रात्र जेमतेम. त्यातून थेट चालवायला कंपनीचा १२ किंवा २४ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही अडॅप्टर गुणगुणतात आणि तापतात.

अबोली
किती नीट सांगितलंत. आज रात्रीच मोजते. मनापासून आभार.

डिझेलकाका
जनरेटरचं राहिलं. लहान पेट्रोल जनरेटरचा न्यूट्रल बहुधा सांगाड्याला जोडलेला नसतो. अशा मशीनवर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर खटका पडतो, कारण ते बटण फेज आणि न्यूट्रलवरच चालतं. पण प्रत्यक्षात करंट जमिनीत गळला तर त्याला परतीची वाटच नाही, म्हणून ती पडत नाही. दोन तंबूंत दोन बिघाड झाले की मधल्या माणसाला धक्का बसतो. न्यूट्रल सांगाड्याला जोडायचा तर आरसीसीबीच्या आधी, आणि जाणकाराकडूनच. जनरेटर तंबूंपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. धुराड्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडीतल्या कोळशाचंही तेच. थंडी वाजते म्हणून विझत आलेली शेगडी तंबूत घेऊन झोपू नका. हे कितीदाही सांगावं लागलं तरी सांगेन.

नदीकाठ
काकांना अनुमोदन. आणि रूम हीटरही नको. पॉलिएस्टरचं कापड पेटायच्या आधी वितळून अंगावर गळतं. रबरी पिशवीत गरम पाणी, वर जाड चादर, पहाटेपर्यंत ऊब टिकते.

सिंहगडरोडी
तीन दिव्यांचं सॉकेट टेस्टर खिशात ठेवा. अर्थ नाही, फेज-न्यूट्रल उलटे, हे लगेच दाखवतं. अर्थ किती चांगला ते मात्र कळत नाही. आपल्या सॉकेटला समोरून पाहिलं तर अर्थ वर, फेज उजवीकडे. साधा टेस्टर अर्थच्या भोकात पेटला तर ती जागा सोडाच.

भाकरतुकडा
आरसीसीबी सारखी पडत असेल तर? मागच्या वेळी यजमानाने वैतागून ती काढून सरळ जोडून टाकली.

तारवाला
सरळ जोडलेली दिसली तर त्या वायरीवर काही लावू नका. शोधायचं असं: सगळे प्लग काढा, खटका वर करा. तरीही पडला तर वायर किंवा बोर्ड ओला आहे. नाही पडला तर एकेक प्लग लावत जा. बहुतेक वेळा किटलीचा ओला तळ सापडतो, नाहीतर उन्हात वाळवायला हवा असलेला एखादा बोर्ड. वळवाच्या दिवसांत लांब गडगडलं की प्लग भिंतीपासून काढा आणि सगळे गाडीत जाऊन बसा. तंबू विजेपासून वाचवत नाही.

रानफूल
अवांतर: इंडक्शनवर थालीपीठ कुणी लावलंय का? माझा बिडाचा तवा मधे करपतो, कडेला कच्चा.

पावसाळी
@रानफूल बिडाच्या तव्याला उष्णता कडेपर्यंत पसरायला वेळ लागतो. ८०० वॅटवर पाच मिनिटं नुसता तापू द्या, मग थापा. पण खरं सांगू, तंबूबाहेर, आडोशाला, गॅसवरच करा. दोन हजार वॅट कमी झाले की २.५ची वायरही न्यायला नको.