मदत हवी आहे : उपनिषदातील एकटा आत्मा आणि पाली सुत्तातील एकटा ब्रह्मा

आमच्या वाचनमंडळात सृष्टीच्या उत्पत्तीविषयी बोलायचे मी कबूल करून बसलो आहे आणि एका जागी अडलो आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आरंभी एकट्याच असलेल्या आत्म्याला आधी भीती वाटते, मग करमत नाही, म्हणून तो दुसऱ्याची इच्छा करतो आणि त्यातून पुढची सृष्टी होते. दीघनिकाय या बुद्धाच्या दीर्घ उपदेशांच्या पाली संग्रहातील ब्रह्मजालसुत्तात जवळपास हाच प्रसंग येतो : विश्व पुन्हा उलगडू लागल्यावर एक जीव रिकाम्या ब्रह्मविमानात (ब्रह्म्याच्या दिव्य प्रासादात) जन्म घेतो, दीर्घकाळ एकटा राहून कंटाळतो, कोणीतरी यावे असे त्याला वाटते, पुढे इतर जीव आपले आयुष्य किंवा पुण्य सरल्यामुळे तेथे येतात, आणि यांना आपणच निर्माण केले अशी त्याची समजूत होते. गंमत म्हणजे येणारेही त्याला कर्ता मानतात.

हा मला जाणीवपूर्वक केलेला, काहीसा मिश्किल प्रतिवाद वाटतो. मात्र ‘हिंदू ईश्वर मानतात, बौद्ध मानत नाहीत’ ही विभागणी येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण सांख्यकारिका हा सांख्य दर्शनाचा ग्रंथ आणि वैदिक कर्मकांडाचा विचार करणारे पूर्वमीमांसा दर्शन यांनाही जगत्कर्ता ईश्वर लागत नाही, आणि सृष्टीच्या उत्पत्तीवरचे नासदीय सूक्त (ऋग्वेद १०.१२९) तर सृष्टी कोठून झाली हे तिच्यावर देखरेख करणाऱ्या खुद्द अध्यक्षालाही ठाऊक नसेल, अशी शंका घेऊन थांबते.

पाली जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे : या दोन उताऱ्यांत शब्दांचेही साम्य आहे, की केवळ कथेचे? आणि सुत्ताचे मूळ पाठासह मराठी भाषांतर कोठे मिळेल?