अंदमानातील गळाची मासेमारी: स्वतःचे साहित्य नेलेल्यांचे अनुभव

पावसाळा सरला की मढ, वसई आणि रेवदंड्याच्या खडकांवर जिताड्यासाठी उभे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे लक्ष अंदमानकडे वळते. तेथील होड्यांवर रॉड-रीळ भाड्याने मिळते. तरीही मुंबईहून स्वतःचे साहित्य नेणे योग्य ठरले का, एवढ्याच मुद्द्यावर अनुभव लिहावेत, ही विनंती. माशासोबतची छायाचित्रे कृपया नकोत. ती सर्वांकडेच आहेत.

दादर
रीळ आणि दोरी स्वतःची असावी, रॉड होडीवरचा चालतो, असे माझे मत आहे. जायंट ट्रेव्हली, म्हणजे आपला जीटी, पॉपरवर (पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायच्या नकली आमिषावर) तुटून पडतो आणि तत्क्षणी प्रवाळाच्या कपारीकडे धाव घेतो. पहिल्या काही सेकंदांत त्याला थोपवता आले नाही, तर दोरी प्रवाळावर घासून तुटते. त्यासाठी पीई ८ ची (पीई म्हणजे विणलेल्या दोरीच्या जाडीचे माप) दोरी, १३० ते १७० पौंडांचा लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) आणि दहा किलोंचा ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सहज पेलणारे रीळ लागते. भाड्याच्या रिळावरची दोरी किती हंगाम उन्हात आणि खाऱ्या पाण्यात काढून आली आहे, हे कोणीही सांगत नाही. दोरी आणि लीडर जोडणारी एफजी गाठ मी घरीच बांधून नेतो, कारण हलत्या होडीत ती मनासारखी बसत नाही.

मुलुंड
दादरकरांशी मी अर्धीच सहमत आहे. शंभर-दीडशे ग्रॅमचा पॉपर दिवसभर फेकायचा असेल, तर रॉड आपल्या हाताला सरावलेला हवा. होडीवरचे जाड रॉड माझ्या खांद्यांना दुपारपर्यंतही झेपले नाहीत. आता मी तीन तुकड्यांचा रॉड नेते. लांब रॉड असल्यास प्लंबिंगच्या दुकानातील पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना झाकणे आणि आत टॉवेल, एवढे पुरते; मात्र लांबीची मर्यादा विमान कंपनीला आधीच विचारावी. गळ, पक्कड आणि जिग (खोल पाण्यात सोडायची धातूची जड आमिषे) चेक-इनमध्येच जातात, आणि पंधरा किलोंतले तीन किलो जिगच खातात.

वरळी कोळीवाडा
कोणते जिग न्यायचे, हे तिथी पाहून ठरवावे. मुंबईत उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो आणि पोर्ट ब्लेअरला तो दोनेक मीटरच असतो, म्हणून हलके जिग पुरतील, असा माझ्या भाच्याचा हिशेब होता. परंतु तेच पाणी दोन बेटांच्या मधून आणि प्रवाळाच्या कडेवरून जोराने वाहते, दोरीला पोट येते आणि दीडशे ग्रॅमचा जिग तळाला पोहोचण्याआधीच वाहून जातो. उधाणाला अडीचशे-तीनशे ग्रॅमचे जिग बांधावेत. दीडशेचे भांगासाठी, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीसाठी, ठेवावेत. जीटीला मात्र पाण्याची ती ओढच मानवते, त्यामुळे पॉपरवाल्यांनी उधाण चुकवू नये.

वसई
पॉपरचे तिहेरी गळ घरीच काढून एकेरी लावावेत आणि त्यांची आकडी (टोकाजवळचा उलटा काटा) पकडीने दाबून टाकावी. जीटी सोडूनच द्यायचा असतो आणि असा गळ चटकन सुटतो. जेवणासाठी एखादा तांब किंवा हेकरू पुरे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, हे होडीवाल्याशी आधीच बोलून घ्यावे. रोज संध्याकाळी ड्रॅग घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारावा आणि सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा. खोलीवर पाणी बेताचेच असते, म्हणून मी झाडांना पाणी मारायची फवारणीची बाटली सोबत नेतो.