होस्ट्स फाइलमधील अनोळखी नोंदी

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ): गावातील सेवा केंद्राच्या संगणकावर सातबाऱ्याचे संकेतस्थळ उघडेना, म्हणून होस्ट्स फाइल (संकेतस्थळांची नावे आणि त्यांचे पत्ते लिहिलेली संगणकातील फाइल) पाहिली, तर तीत मी न लिहिलेल्या, ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या कितीतरी ओळी आढळल्या. हा व्हायरस समजावा काय?

उत्तर: तेवढ्यावरून नाही. संगणक डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटवरील सेवेला) विचारण्याआधी हीच फाइल पाहतो, आणि नावापुढे ०.०.०.० असले की ते संकेतस्थळ उघडतच नाही. जाहिराती अडवणारे प्रोग्राम अशाच ओळी घालतात. मात्र बँकेच्या नावाला परका पत्ता जोडलेला असेल, तर तिथे पासवर्ड टाकूच नका. शेतकऱ्यांचे पैसे त्याच यंत्रावरून जातात.

दुसरे उत्तर: फाइलची प्रत ठेवा, नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सातबाऱ्याच्या ओळीआधी # लावा, म्हणजे संगणक ती ओळ वगळेल.

प्रश्नकर्ता: ती ओळ सापडली, # लावल्यावर सातबारा निघाला. आभारी आहे.