ए. आर. पी. वॉर्डनचे लोखंडी हेल्मेट: नव्याने रंगवावे की आहे तसे ठेवावे?

नौपाडेकर

मंडळी, नमस्कार. पुनर्विकासासाठी नौपाड्यातील आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे लोखंडी हेल्मेट मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजोबा गिरगावात राहत असत आणि तेथील ए. आर. पी. पथकात, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाची व्यवस्था पाहणाऱ्या पथकात, वॉर्डन होते. हेल्मेट उपड्या घातलेल्या परातीसारखे पसरट आहे. त्याचा रंग काळा असून समोर पांढऱ्या रंगात ‘डब्ल्यू’ हे अक्षर हाताने काढलेले आहे. कडेच्या खालच्या बाजूस ‘बी. एम. बी.’ आणि १९४१ असा ठसा आहे, आणि कडेलगत तीन बारीक भोके पाडलेली आहेत. आतील अस्तर वाळून भुसभुशीत झाले आहे.

आमच्या एका नातेवाइकांचा आग्रह आहे की वागळे इस्टेटमधील ओळखीच्या कारखान्यातून सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा करून जुना रंग काढणे) आणि पावडर कोटिंग (नवा रंग भाजून बसवणे) करून घ्यावे, म्हणजे वस्तू दिवाणखान्यात शोभेल. माझे मन तयार होत नाही. ही वस्तू नेमकी काय आहे, संग्राहक अशा हेल्मेटांना का जपतात आणि ती सरकारदरबारी नोंदवावी लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तलावपाळी

कारखान्यात अजिबात देऊ नका, ही पहिली विनंती. नागरी संरक्षणाच्या हेल्मेटाचे सगळे मोल त्याच्या मूळ रंगात आणि अक्षरात असते. लोखंडी टोप लाखोंच्या संख्येने तयार झाले होते. ते डोक्यावर घालणारा माणूस कोणते काम करीत होता, हे फक्त त्या रंगावरून आणि अक्षरावरून कळते.

या आकाराचे मूळ पहिल्या महायुद्धातील. जॉन ब्रॉडी यांनी १९१५ मध्ये या हेल्मेटाचे पेटंट घेतले. वरून कोसळणारे तोफगोळ्यांचे तुकडे अडावेत, हा त्याच्या रुंद कडेमागील हेतू होता. पुढे आकाशातून बॉम्ब पडू लागल्यावर तीच गरज शहरातील नागरिकांना भासली. ब्रिटनमध्ये वॉर्डनची सेवा १९३७ मध्ये उभी राहिली, आणि ब्लॅकआउटच्या, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवलेल्या, अंधारात कोण कोणत्या कामाचा हे लोकांना चटकन ओळखू यावे म्हणून हेल्मेटांवर अक्षरे आली: वॉर्डनसाठी ‘डब्ल्यू’, बचाव पथकासाठी ‘आर’, प्रथमोपचार पथकासाठी ‘एफ. ए. पी.’. वरिष्ठ वॉर्डनचे हेल्मेट पांढरे आणि त्यावरील अक्षर काळे असे. ‘बी. एम. बी.’ म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज. ही कंपनी इंग्लंडमधील डॅगनहॅम येथे मोटारींचे सांगाडे बनवीत असे. पत्रा दाबून आकार देणारी यंत्रे तिच्याकडे असल्याने युद्धकाळात हेल्मेटांचे काम तिला मिळाले.

आता एक छोटी परीक्षा करून पाहा. लष्करासाठीचे अस्सल टोप हॅडफील्ड या पद्धतीच्या मँगनीजमिश्रित पोलादाचे असत आणि त्या पोलादाला चुंबक चिकटत नाही. फ्रिजवरचे साधे चुंबक टोपाच्या मध्यभागी लावा. कडेला लावू नका, कारण कडेची पट्टी वेगळी जोडलेली असते. काय घडते ते येथे कळवा.

बेलापूरकर

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. या छंदाचा थोडा इतिहासही सांगावासा वाटतो, कारण बनावट माल कोठून येतो हे त्यातूनच समजते. युद्ध संपल्यावर या हेल्मेटांना कोणी विचारीना. ब्रिटनमध्ये कित्येकांनी ती उलटी टांगून त्यांत फुलझाडे लावली. तेथे १९४९ मध्ये नागरी संरक्षण दल पुन्हा उभे राहिले तेव्हा बराच जुना साठा वापरात आला, आणि १९६८ मध्ये ते दल आवरते घेतल्यावर उरलेला माल स्वस्तात बाजारात गेला. संग्राहकांची पुढची पिढी अशा मालावरच पोसली गेली. अक्षर असलेल्या हेल्मेटाला साध्या हेल्मेटापेक्षा अधिक किंमत येते, हे कळल्यावर साध्या टोपावर ताजा ‘डब्ल्यू’ रंगवून विकणारेही निघाले. म्हणूनच जाणकार रंगाखालचा गंज, अक्षराच्या कडांची झीज आणि पट्टा जेथे घासतो तेथील खुणा भिंगाखाली पाहतात. तुमचे हेल्मेट एकदा पावडर कोटिंगमधून निघाले की या खुणा कायमच्या जातील आणि ते खरे असूनही बनावट मालाच्या रांगेत जाऊन बसेल.

संग्राहकांना विशेष प्रिय असलेला आणखी एक प्रकार म्हणजे झुकरमन हेल्मेट. प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी बॉम्बस्फोटांत माणसाला होणाऱ्या इजांचा अभ्यास केला होता. त्या अनुभवातून त्यांनी सामान्य नागरिकांसाठी उंच डोक्याचा, साध्या पोलादाचा टोप सुचवला. त्याचे अस्तर स्क्रूने बसवलेले नसून कडेलगतच्या भोकांतून दोरीने ओवलेले असते. तुमच्याकडे तो प्रकार नाही, कारण तुमचा टोप पसरट आहे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धातील उरलेली हेल्मेटे पांढरी रंगवून त्यांवर निळ्या वर्तुळातील पांढऱ्या त्रिकोणात लाल ‘सी. डी.’ ही अक्षरे काढली गेली. तेथील संग्रह बहुतांशी त्यांभोवती फिरतो.

नोंदणीबाबत: १९७२ च्या पुरावशेष (म्हणजे प्राचीन वस्तूंच्या) कायद्यानुसार अशी वस्तू किमान १०० वर्षे जुनी असल्याशिवाय पुरावशेष ठरत नाही. १९४१ चे हेल्मेट त्यात बसत नाही.

नौपाडेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टोपाच्या मध्यभागी चुंबक घट्ट चिकटले. याचा अर्थ हेल्मेट हलक्या प्रतीचे आहे, असे समजायचे का?

तलावपाळी

लष्कराच्या दृष्टीने हलक्या प्रतीचे, हे खरे. परंतु तुमच्या दृष्टीने ही उत्तम बातमी आहे. कडेलगत भोके पाडून जे टोप वेगळे काढले जात, ते आघाडीवरच्या सैनिकाला द्यायचे नसत. ते वॉर्डन, कारखान्यातील पहारेकरी, आग विझवणारे यांच्यासाठी असत. भोके आहेत आणि चुंबकही चिकटते, म्हणजे हा टोप सैनिकाचा असून त्यावर मागाहून ‘डब्ल्यू’ रंगवला, अशी शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. घरातली माहितीही हेच सांगते.

उरणकर

जतनाविषयी थोडे लिहितो, कारण आपल्याकडील पावसाळा लोखंडाचा वैरी आहे. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. पाणी, रॉकेल किंवा पॉलिश पेपर लावू नका. सुटलेला गंज निघाल्यावर संग्रहालयात वापरतात तसे मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावता येईल, पण रंगाचे पापुद्रे निघत असतील तेथे तेही टाळा. अस्तराला तेल पाजू नका, त्याने जुने चामडे आणखी सडते. हेल्मेट पिशवीत न बांधता धुतलेल्या सुती कापडात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि ते उचलताना कडेला धरा, हनुवटीच्या पट्ट्याला नव्हे.

आणखी एक आग्रह. ती ट्रंक नीट तपासा. वॉर्डनचे ओळखपत्र, दंडावरची पट्टी, शिट्टी, नेमणुकीचा कागद यांपैकी काही मिळाले तर ते हेल्मेटापासून वेगळे करू नका. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आजोबा वॉर्डन होते का आणि त्या दिवशी कोठे होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आताच लिहून ठेवा.

नौपाडेकर

कारखान्याला नकार कळवला आहे. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली खाकी कापडाची एक पट्टी सापडली, तिच्यावर ‘ए. आर. पी.’ असे लाल धाग्याने विणलेले आहे. गोदीच्या स्फोटाबद्दल आत्याला विचारायला रविवारी डोंबिवलीला जात आहे. ती सांगेल ते येथे लिहीन.