थर्माकोलचा गाभा, वर लाकडी व्हेनियर: 7 फुटी सर्फबोर्ड

टिळकवाडीकर: बेळगावात 7 फूट लांब, 21 इंच रुंद, पावणेतीन इंच जाड बोर्ड करायचाय. चालवणार कारवार-गोकर्णकडे. थर्माकोल 16 डेन्सिटीचा (घनमीटरला 16 किलो) आहे, वर 0.6 मिमीचं सागवानी व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. व्हेनियर फेव्हिकॉलनं थेट चिकटवलं तर चालेल का? वरून फायबरवाल्याकडचं पॉलिएस्टर रेझिन? आणि बोर्ड पिशवीत घालून, हवा ओढून व्हेनियर दाबायला आणलेल्या व्हॅक्यूम पंपाचा मीटर 690 मिमीच्या वर सरकतच नाही, गळती कुठं शोधू?

पॅटर्नवाला: गळती नाहीच ओ. बेळगाव समुद्रापासून साधारण 750 मीटर उंच. इथं हवेचा दाबच 690-695 मिमी पारा, मग मीटर समुद्रकाठचा 760 दाखवणार कसा?

पण तेवढा व्हॅक्यूम लावू पण नका. 16 चा थर्माकोल चौरस सेंटिमीटरला 0.7 किलोच्या आसपास दाबानं चेपतो, आणि इथला पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे 0.94 किलो. बोर्डाची चपाती होईल. 250 ते 300 मिमीवर ठेवा, आठ-दहा तास. शक्य असेल तर 20 डेन्सिटी घ्या. या मापाच्या बोर्डाचं आकारमान 46 लिटरच्या घरात, म्हणजे वजनात फरक जेमतेम 200 ग्रॅमचा.

दुसरं, गरम तारेनं बाक (टोकांना वर उचललेला आकार) कापल्यावर खालचा उरलेला तुकडा फेकू नका. बॅगेत बोर्ड त्याच्यावरच बसवा. सपाट टेबलावर ठेवलात तर पिशवी आवळताना बाक निघून जातो, आणि इपॉक्सी वाळल्यावर तो परत येत नाही.

रेझिन_काका: पॉलिएस्टर अजिबात नको. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. फेव्हिकॉल पाणी उडून वाळतो. थर्माकोल आणि रेझिनच्या मध्ये त्या पाण्याला वाट कुठली? म्हणून सगळीकडे इपॉक्सीच (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन), दोन-अडीच किलो धरा. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात, काट्यावर तोलून. लवकर वाळावं म्हणून जास्त घातलात तर ते कायमचं मऊ राहतं.

व्हेनियरच्या खाली पण चौरस मीटरला 135 ग्रॅमचं ग्लास कापड हवं, खरी ताकद तिथं आहे. नुसतं व्हेनियर थर्माकोलवर ठेवलं तर गुडघा टेकला की खड्डा पडतो. आधी इपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची पूड) कालवून थर्माकोलचे दाणे बुजवा, नाहीतर तो रेझिन पीत बसतो. मग कापड भिजवा आणि व्हेनियर कोरडंच वर ठेवा. एका बाजूनं ओलं केलेलं व्हेनियर पापडासारखं वळतं. पट्ट्या जोडायची कागदी टेप बाहेरच्या बाजूला, म्हणजे नंतर घासून निघते. सागाला तेल असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा. पण थर्माकोलपासून लांब, तो त्यानंही विरघळतो.

आता वेळ. दुपारनंतर ऊन उतरायला लागलं की रेझिन लावा. सकाळी लावलं तर तापमान चढतं, थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे येतात. पावसाळ्यात तर नकोच. दमट हवेत हार्डनरचा तेलकट थर वर येतो, पुढचा हात धरत नाही. आलाच तर पाणी आणि स्क्रबरनं धुवा, नुसतं घासून तो सगळीकडे पसरतो.

खानापूरकर: कडेच्या गोलाईवर 0.6 चं सागवानी व्हेनियर दोन्हीकडून वळत नाही, चिरतं. कडा वेगळ्या करा: 5 मिमीच्या हलक्या लाकडाच्या चार-पाच पट्ट्या एकावर एक चिकटवून रंध्यानं गोल करायच्या. पांगारा चालतो, पण तोडल्या तोडल्या वाळवलेला बघून घ्या, नाहीतर किडा आणि डाग. सागाच्या पट्ट्या नकोत, उगाच जड.

टिळकवाडीकर: आभार. मग 20 चाच आणतो. आणि हवेसाठी भोक ठेवतात म्हणे, ते लागतंच का?

पॅटर्नवाला: लागतं, आणि इथून तर जास्तच. बोर्ड पक्का बंद आणि गाडीच्या टपावर उन्हात असला की आतली हवा फुगून व्हेनियर सुटतं. कारवारात बंद केलेला बोर्ड घाट चढून बेळगावला आणला की बाहेरचा दाब आठेक टक्के कमी, त्यात ऊन असेल तर बघायलाच नको. वरच्या बाजूला 6 मिमीचं भोक, आत स्टेनलेसचा रबर वॉशरवाला स्क्रू. प्रवासात सैल, पाण्यात शिरण्याआधी घट्ट. विसरभोळे असाल तर गोरटेक्सचा व्हेंट बसवा, तो हवा सोडतो पण पाणी घेत नाही.

रेझिन_काका: फिनचे (बोर्डाखालच्या पंखांचे) बॉक्स नुसत्या थर्माकोलात रोवू नका. खाली लाकडी ठोकळा, भोवती जादा कापड. आणि पाण्यात चीर पडली तर लगेच बाहेर या, त्याच दिवशी टेप लावा. दाण्यांच्या मधून पाणी आत गेलं की वाळायला आठवडे लागतात.