'टोन'ला मराठीत काय म्हणायचं?

वाटसरू: एका मासिकासाठी लेख मराठीत करतेय. विषय जरा वेगळाच आहे, म्हाँग आणि लिथुएनियन या भाषांची तुलना. एक दक्षिण चीन, लाओस, व्हिएतनामच्या डोंगरांतली, दुसरी बाल्टिक किनाऱ्याची. एकमेकींशी काडीचं नातं नाही, पण दोन्हींत आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलतो. त्यासाठी मी 'स्वर' लिहिलं. संपादक म्हणतात, "स्वर म्हणजे अ आ इ ई, वाचक गोंधळेल." 'सूर' केलं तर गाण्याचं वाटतं म्हणे. त्यांनी 'आघात' सुचवलाय. आघात म्हणजे जोर ना? तुम्ही काय वापरता?

भाऊसाहेब_वाईकर: 'स्वर'च. पाणिनीने तीन सूत्रांत मिटवलंय: उच्चैरुदात्तः, नीचैरनुदात्तः, समाहारः स्वरितः. उंच तो उदात्त, खालचा तो अनुदात्त, दोन्हींचा मेळ तो स्वरित. वेदपाठशाळेतला दहा वर्षांचा पोरगाही सांगेल. संपादकांना शाळेतली बाराखडी तेवढी आठवतेय.

कोरा_कागद: भाऊसाहेब, लिथुएनियनला चालेल एक वेळ. तिथे शब्दातल्या एकाच अक्षरावर जोर असतो, आणि ते दीर्घ असेल तर सूर कसा वळतो यावर भेद. 'आउक्श्तस' एका तऱ्हेने म्हटलं तर उंच, दुसऱ्या तऱ्हेने इमारतीचा मजला. अशा जोड्या मोजक्याच. म्हाँगमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर लागतो. नुसतं 'पॉ' घ्या: चेंडू, प्लीहा, काटा, मादी, फेकणे, दिसणे आणि वडिलांची आई. त्यातही 'दिसणे' घसा आवळून आणि 'आजी' श्वास सोडत म्हणायची. उदात्त-अनुदात्तात कुठे बसवणार आजीला?

भाऊसाहेब_वाईकर: बसवायची इच्छा असली की बसते. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसलेच होते.

रानफूल: काका, महापौर रुळला कारण लोकांनी वापरला. 'टोन' आधीच रुळलाय. रिंगटोन म्हणतो तेव्हा कोणाला कोश लागतो? टोन लिहा आणि मोकळ्या व्हा.

सेंटपॉलची_सई: इथे अमेरिकेत आमच्या शहरात म्हाँग लोक खूप, १९७५ नंतर लाओसमधून आलेले. त्यांची रोमन लिपी मिशनऱ्यांनी १९५०च्या दशकात बसवली. तिच्यात शब्दाच्या शेवटचं व्यंजन उच्चारायचं नसतंच, ते फक्त टोन सांगतं. शेवटी 'बी' म्हणजे उंच, 'एस' म्हणजे खालचा, 'जे' म्हणजे वरून घसरणारा. दरवर्षी शाळेत नवे शिक्षक हजेरी घेतात तेव्हा बघण्यासारखं असतं. 'पाज न्ताउब' असं लिहिलेलं असतं, म्हणायचं 'पा न्दाउ', म्हणजे फुलांचं कापड, त्यांचं भरतकाम. बिचारे शिक्षक प्रत्येक 'ब' आणि 'ज' जीव लावून उच्चारतात.

आणि वाटसरू, 'म्हाँग' कुठून आणलंत? हिंदीत 'हमोंग' लिहितात.

वाटसरू: म्हैस, म्हातारी मधला म्ह आपल्याकडे असताना 'हमोंग' कशाला?

कोरा_कागद: आपला म्ह घोष आहे, म्हणजे तो म्हणताना घशात कंप होतो. त्यांचा अघोष, आधी नुसता श्वास नाकातून जातो, मग म. शिवाय त्यांच्यात पांढरे आणि हिरवे असे गट आहेत, हा श्वास पांढऱ्या म्हाँगांचा. हिरवे म्हाँग सरळ 'माँग' म्हणतात.

सेंटपॉलची_सई: हो, आणि त्यावरून घरात भांडणं होतात! आमच्या शेजारी नवरा पांढरा, बायको हिरवी.

रानफूल: हे वाक्य संदर्भाशिवाय कोणी वाचू नये.

भाऊसाहेब_वाईकर: मिशनऱ्यांची लिपी कशाला? देवनागरीत लिहावं.

कोरा_कागद: त्यांची स्वतःची लिपी आहे, पाहाउ. शाँग लू यांग नावाच्या, शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्याने १९५९ मध्ये केली. तिच्यात अक्षराचा शेवटचा भाग आधी लिहितात, सुरुवातीचं व्यंजन नंतर. विचित्र वाटत असेल तर 'किती' मधली पहिली वेलांटी कुठे काढता बघा.

संजय_विल्नियस: लिथुएनियाकडे कोणी बघतच नाहीये. इथे माझ्या नावालाही विभक्ती लागते. मी 'संजायुस', माझं ते 'संजायाउस', माझ्यासोबत 'संजायुमि', आणि हाक मारताना 'संजायाउ'. सात विभक्त्या, चुकल्या की दुकानातली बाई दुरुस्त करते. शुद्धलेखनवाल्यांनी तर इथेच यावं. सरकारी भाषा आयोग आहे, त्याने १९९७ मध्ये मोठ्या भाषिक चुकांची अधिकृत यादी काढली होती.

भाऊसाहेब_वाईकर: आदर्श देश. संस्कृतच ती. सूनुस म्हणजे सूनु, मुलगा; द्येवस म्हणजे देव.

संजय_विल्नियस: बहीण म्हणा, संस्कृत नव्हे. पण 'कुत्रा' बघून मीही चाट पडलो. शुओ, षष्ठीत शुन्स. आपलं श्वा, शुनः.

सेंटपॉलची_सई: म्हाँगमध्ये कुत्रा 'दे', एक असो की दहा, तसाच. फक्त 'ऑ तू दे', दोन नग कुत्रे, असा मध्ये एक शब्द लागतो.

रानफूल: आपल्याकडे दोन जण, दोघी, तिघी आहेत की. कुत्र्यांना मात्र कोणी दोघी म्हणत नाही.

भाऊसाहेब_वाईकर: आमच्या घरी म्हणतात.

संजय_विल्नियस: इथली एक म्हण ऐका: 'द्येवस दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, भाकरही देईल.

वाटसरू: चोच दिली तो चाराही देईल! पण मुळात माझा प्रश्न टोनचा होता...

भाऊसाहेब_वाईकर: दुओनोस म्हणजे धनच. उघड आहे.

कोरा_कागद: धन नाही. 'दुओना' म्हणजे भाकर, तिचं नातं संस्कृत 'धानाः'शी, भाजलेले दाणे. त्यावरूनच धान्य. गुजरातीत ज्वारीच्या लाह्यांना अजून 'धाणी' म्हणतात.

रानफूल: आमच्या नंदुरबारला होळीला धाणी-हार आणतात. ती गुजराती कधीपासून झाली?

कोरा_कागद: सीमेवरचा शब्द आहे, दोघांचा असेल.

रानफूल: दोघांचा नाही, आमचा. आजी घरी फोडायची, रेती तापवून.

भाऊसाहेब_वाईकर: रेती नव्हे, वाळू.